चौसष्टपैकी एकसष्ट नोंदी

पुरवणी जबाब. दि. ०६/०३/२०२६, दुपारी १२ वाजून १० मिनिटे.

मी, सत्यजीत मुकुंद टिपणीस, वय ४३ वर्षे, व्यवसाय खासगी नोकरी, संगणक प्रोग्रामर, राहणार बेलपाड्याजवळ, खारघर, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, आज कोणीही बोलावलेले नसताना आपणहून पोलीस ठाण्यात येऊन सांगतो की, दि. १४/०२/२०२६ रोजी मी याच टेबलावर दिलेला जबाब चुकीचा आहे. तेव्हा मला तो खरा वाटत होता. पण तो चुकीचा आहे आणि त्याच्या भरवशावर एक माणूस आत बसला आहे.

घरी पत्नी व एक मुलगी आहे. सी भाषेत प्रोग्राम लिहिण्याचे काम मी एकोणीस वर्षे करतो आणि ते मला चांगले येते, असा माझा समज होता.

पनवेल-उरण रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डाचे संगणकाचे काम आमच्या कंपनीकडे आहे. न्हावा शेव्याहून आलेले कंटेनर तिथे ठेवतात. कंटेनर बाहेर सोडायचा तर ऑफिसातल्या चार कंप्युटरपैकी एकावरून गेटला ऑर्डर जाते. कोणती ऑर्डर कोणत्या कंप्युटरवरून गेली याची नोंद ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला. एका कंप्युटरने दुसऱ्याला पाठवलेला निरोप नेटवर्कवरून छोट्या पॅकेटमधून जातो. माझा प्रोग्राम ती पॅकेट पकडतो आणि रिपोर्ट काढतो.

दि. ११/०२/२०२६ रोजी दुपारी १ वाजून ४२ मिनिटांनी सुक्या मेव्याचा एक कंटेनर खोट्या कागदांवर बाहेर सोडला गेला. रिपोर्टमध्ये त्या ऑर्डरसमोर वजनकाट्यावरचा क्लार्क प्रणित दिनानाथ कोळी, वय २६, याच्या कंप्युटरचे नाव होते. रिपोर्ट मीच छापून दिला. महिनाभरातल्या ६४ ऑर्डरपैकी ६१ समोर त्याचेच नाव होते. प्रणितचे म्हणणे होते की त्या वेळी तो गेटबाहेर जेवत होता. इथल्या तपास करणाऱ्या साहेबांनी मला विचारले की मशीन चुकू शकते का. मी म्हणालो, मशीन चुकत नाही, माणूस चुकतो. हे वाक्य माझ्या पहिल्या जबाबात आहे आणि त्याची मला लाज वाटते.

रविवार दि. २२/०२/२०२६ रोजी सकाळी प्रणितचे वडील दिनानाथ कोळी पत्ता शोधत माझ्या घरी आले. ते खाडीत मासेमारी करतात. मी आत या म्हटले, पण ते जिन्यातच पायरीवर बसले. म्हणाले, “सायब, त्या दिवशी मीच डबा घेऊन आल्तो. निवट्यांचं कालवण व्हतं. दोघं बापलेक गेटच्या भायेर जेवाला बसलो. दीडच्या आधी बसलो, दोनला उठलो. तुमची मशीन त्याचं नाव घेते, तर मशीनला इचारा ना. आमाला काय इचारता?” मी त्यांना सांगितले, हे तुम्ही कोर्टात सांगा. ते म्हणाले, “बापाचं कोन ऐकतं? तुमचा कागद हाय, आमचा कागद नाय.”

खरे सांगायचे तर ते गेल्यावर मी तपासायला बसलो तो त्यांना खोटे पाडण्यासाठीच. सोमवारी ऑफिसात दोन लॅपटॉप लावले. एकावरून ऑर्डर पाठवली आणि दुसऱ्यावरून नुसतीच साधी पॅकेट सोडत राहिलो. रिपोर्टमध्ये ऑर्डरसमोर दुसऱ्या लॅपटॉपचे नाव आले. पुन्हा केले, पुन्हा तेच आले. मी हे नऊ वेळा केले. नऊही वेळा तेच आले.

हे कसे झाले, असे विचारल्यावरून सांगतो. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार मनिषा मॅडम म्हणाल्या, “सोपं करून सांगा, लिहायचं मला आहे.” पॅकेट पकडणारी लायब्ररी आम्हाला आयती मिळते. तिला आपण आपले एक फंक्शन नेमून द्यायचे. पॅकेट आले की ती त्या फंक्शनला हाक मारते. याला कॉलबॅक म्हणतात. हाक मारताना ती पॅकेट आपल्या हवाली करत नाही, ते मेमरीत कुठे ठेवले आहे ती जागा फक्त दाखवते. आपले फंक्शन संपले की ती जागा पुन्हा लायब्ररीची. तिथे ती पुढचे पॅकेट ठेवून मोकळी होते. म्हणून जे हवे ते हाक आली तेव्हाच उतरवून घ्यायचे असते. मी ऑर्डरची वेळ आणि कंटेनरचा नंबर उतरवून घेतला. पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र उतरवला नाही. फंक्शन झटपट सुटावे म्हणून फक्त जागा लक्षात ठेवली आणि पत्त्यावरून नाव काढायचे काम मागाहून करायचे ठेवले. तोवर त्या जागेवर जे पॅकेट येऊन पडले असेल, त्याचे नाव ऑर्डरसमोर लागले. ही चूक करू नका असे मी नवीन पोरांना स्वतः शिकवतो.

मनिषा मॅडम म्हणाल्या, “म्हणजे आमच्या ड्युटीच्या फळ्यासारखं. दुपारी कोण होतं ते तुम्ही संध्याकाळी फळ्यावर वाचलंत. तोवर पुसून दुसऱ्याचं नाव लिहिलेलं.” मी होय म्हणालो. एवढे सोपे मला कोर्टात सांगता आले नसते.

प्रणितचेच नाव का, तर वजनकाट्याचा आकडा त्याच्या कंप्युटरवरून सेकंदाला वीस वेळा गेटकडे जात असतो, तो जेवायला उठला तरी. बाकीचे तीन कंप्युटर त्यामानाने गप्प असतात. त्यामुळे कधीही पाहिले तरी त्या जागेवर बहुतेक त्याचेच पॅकेट असायचे. चौघे क्लार्क आळीपाळीने ऑर्डर सोडतात. मग ६४ पैकी ६१ एकट्याच्या नावावर कशा, हे बघून प्रोग्रामची शंका यायला हवी होती. सगळ्यांना प्रणितची आली. मीही त्यात होतो. प्रोग्रामची चाचणी मी एकाच लॅपटॉपवर घेतली होती, तिथे दुसरे नाव यायला दुसरा होताच कोण.

मी त्याच दिवशी आमचे मॅनेजर कुमार वर्तक यांना सर्व सांगितले. ते म्हणाले, “दुरुस्त झालं ना? मग विषय संपला. पुढच्या व्हर्जनमध्ये टाक. मागचं उकरून काढू नकोस, टिपणीस, क्लायंट हातचा जाईल.” दुरुस्ती चार ओळींची होती, दहा मिनिटे लागली. दि. २४ पासून यार्डात बरोबर प्रोग्राम चालू आहे आणि चुकीचा रिपोर्ट इथे पोलीस ठाण्याच्या फाइलमध्ये आहे. मी अकरा दिवस गप्प बसलो. नोकरी जाईल याची भीती वाटली. मध्ये शिमगा येऊन गेला. आमच्या सोसायटीत होळी झाली, मी पुरणपोळी खाल्ली. कोळीवाड्यात वर्षाचा मोठा सण तोच, आणि प्रणितने तो कोठडीत काढला. याला जबाबदार प्रोग्राम नाही. त्या अकरा दिवसांत मला सगळे माहीत होते.

मग ऑर्डर खरी कोणी सोडली, असे विचारल्यावरून सांगतो की, मूळ पॅकेट आम्ही साठवून ठेवत नाही, त्यामुळे ते आता कोणालाच काढता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, “म्हणजे खरा माणूस सुटला.” मी म्हणालो, हो, मीच सोडला. प्रणितविरुद्ध माझ्या रिपोर्टमध्ये काही नाही. कधी नव्हतेच.

मी इथे येणार असल्याचे काल दिनानाथ यांना फोनवर कळवले. मला वाटले होते ते शिव्या देतील. ते म्हणाले, “सांगा सायब. पन आमच्या प्रणितला पन सांगा. परवा भेटाला गेल्तो, तर मलाच इचारतो, बाबा, आपन जेवलो तो दिवस नक्की तोच का? म्हनतो, सर येवढे शिकलेले, ते सांगतात तर माझ्याच हातून कायतरी झालं असंल.”

सोबत जुना प्रोग्राम, दुरुस्त प्रोग्राम व नऊ चाचण्यांचे रिपोर्ट पेनड्राइव्हवर हजर करत आहे. वरील मजकूर मनिषा मॅडमनी मला सावकाश वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम असून बरोबर आहे. विनंती एवढीच की, तो एकदा कोठडीत जाऊन प्रणितलाही वाचून दाखवावा. त्या दुपारी तो वडिलांबरोबर जेवत होता, हे त्याला कोणीतरी खात्रीने सांगायला हवे.