घरोघरी बोलावणारे बिरूतात्या

बसा, बायांनो, म्होरं सरकून बसा. मागं उन्हात कशाला उभ्या राहता?

जमलेल्या समद्यांना माझा नमस्कार. सकाळी घाटावर बिरूतात्यांच्या दहाव्याला गेलेली माणसं तशीच हितं देवळाम्होरं येऊन बसलीत. पोटात धड अन्न न्हाय, तरी बसलीत. कऱ्हाटीची मंडळी हायती. काटेवाडीची हायती. इंदापूरकडनं तर जीप भरून बाया आल्यात. सरपंच बोलले, गुरुजी बोलले. आता मला म्हणत्यात, शालन, तू बोल. काय बोलू? दहा दिवस मी घरात धड बोललेली न्हाय. पण आज बोलायलाच पायजे. आज न्हाय बोलले तर जलमभर घशात अडकून ऱ्हाईल.

आमच्या कोऱ्हाळ्याच्या ह्या वस्तीवर नऊ घरांचा मिळून एक गोबर गॅस हाय. बिरूतात्यांनी त्यो उभा केला, हे तुमाला ठावं हाय. विटा-सिमेंटचं काम गवंड्यानं केलं, त्याचं मी सांगत न्हाय. तात्यांनी माणसं कशी गोळा केली, तेवढंच सांगते.

तात्यांचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. तात्या कॅनॉलच्या कडंला स्थिरावले. थोडं रान केलं, दोन म्हशी बांधल्या. एकदा इंदापूरला पाव्हण्याकडं गेले, आन तितं त्यांनी अख्ख्या वाडीच्या मालकीचा एक गोबर गॅस बघितला. परत आले ते झपाटल्यागत. सायकलला कर्णा बांधला. बारामतीला जाऊन गुलाबी कागदावर हँडबिलं छापून आणली. चार दिवस एकच आवाज. आपलं शेण, आपला गॅस, आपली मालकी! सभेला या, सभेला या!

आन सभेला किती आले? चार जण. त्यातला एक मंडपवाला, त्यो सतरंज्या परत न्यायला थांबलेला.

तात्या तसेच उठले आन आमच्या ओसरीवर येऊन बसले. तोंड एवढंसं झालेलं. माझ्या सासूबाई तवा हयात व्हत्या. फटकळ बाई, तुमी वळखताच. म्हणाल्या, "बिरू, कर्ण्याची हाळी गावाला असती रं. घराला आवतण लागतं. तू माझ्या दारात आलास का? न्हाय ना? मग मी कशी येऊ?"

तात्या म्हणाले, "व्हय आत्या, चुकलं माझं. हाळीनं मेंढरं येत्यात. माणसाच्या दारात जावं लागतं."

दुसऱ्या बारीला तात्या दारोदार फिरले. कसे फिरले? हातात ताटली, ताटलीत कुंकवात भिजवलेल्या अक्षता! हरएक उंबऱ्यावर अक्षता ठेवून हात जोडायचे, "बुधवारी देवळाम्होरं यायचं हं, समद्यांनी." मानानं बोलवायचं म्हंजी अक्षता द्यायच्या, एवढंच त्या माणसाला ठावं. म्होरं काय व्हणार, ह्याचा इचार केला असल तर शपथ.

हसताय ना? हसा. तात्यांना रडकी माणसं आवडायची न्हाईत.

बुधवारी माणूस मावंना. पोरं तेल लावून, भांग पाडून. बाया ट्रंकेतली लुगडी नेसून. खालच्या वस्तीवरच्या भागूबाई तर चोळीचा खण आन नारळ घेऊन आलेल्या. समद्यांच्या मधी उभ्या राहिल्या आन इचारतात कशा, "आरं बिरू, नवरी कुठं हाय?"

तात्यांचं तोंड लालभडक झालं. पण डोकं जाग्यावर. म्हणाले, "मावशी, नवरी अजून ठरवायची हाय. त्याच्यासाठीच तर बोलावलंय. बसा." असा हशा पिकला! पण एक माणूस उठून गेला न्हाय. मानानं बोलावलेला माणूस तसा उठत न्हाय. ह्या आमच्या काकी, तात्यांच्या मालकीण, हितं बसल्यात. त्या पळत घरी गेल्या आन पातेलंभर गुळाचा चहा करून आणला. लग्नाचा मानपान चहावर भागला.

मग आमचे मालक उठले. चिडूनच उठले. "दुसऱ्याच्या म्हशीच्या शेणावर माझा चहा व्हायचा व्हय?" तात्या म्हणाले, "दत्तोबा, कारखान्यात तुझाबी ऊस जातो आन माझाबी जातो. पोत्यातली साखर कुणाच्या उसाची, ते वळखून चहात घालतोस का रं?"

पण हटतील ते आमचे मालक कसले! त्यांनी एक अट घातली. नऊ घरांचं असल, तर नऊच्या नऊ घरं बसल्याबिगर काय ठरवायचं न्हाय. एक घर जरी कमी असलं तरी टाकीला हात लावायचा न्हाय. तात्यांनी हात जोडले. म्हणाले, "मला तरी दुसरं काय पायजे?"

ही अट ध्यानात ठेवा, मंडळी. ती आमच्या घरानं घातलेली हाय.

गॅस झाला. सकाळी समद्यांनी पाट्या भरून शेण आणायचं, कालवायचं, टाकीत सोडायचं. स्वैपाकाच्या टायमाला नऊ घरांत निळी ज्योत. पयल्या दिवशी मी भाकरी टाकली आन रडले. धूर नव्हता, तरी रडले.

झालं, मग तात्या घरात टिकतील व्हय! कऱ्हाटीला सभा, काटेवाडीला सभा, इंदापूरकडं वाड्या-वस्त्यांवर सभा. आदल्या दिवशी तात्या सायकल घेऊन जायचे आन घर न घर बोलवायचे. बाप्याला सांगून भागायचं न्हाय. घरातली बाई बाहेर येईस्तवर उंबऱ्यावर उभे. म्हणायचे, "शेण उचलणार ती, भाकरी थापणार ती, आन सभेला नुसते फेटे बसवू व्हय?" आन दुसऱ्या दिवशी मला घेऊन जायचे. "शालन, मी बोलावलंय. आता बोलायचं तू." मी! भिंतीआडनं बोलणारी बाई मी! आज इंदापूरच्या ह्या बाया मला नावानं वळखत्यात, ते कुणामुळं?

तात्या, लई आठवण येती हो. शेण कालवताना येती. सायकलची घंटी वाजली की येती. दुसऱ्या कुणाची असती, तरी मान वर व्हती.

आता जे बोलायला उभी राहिले, ते बोलते.

दिवाळीनंतर आपली गॅस साठायची वरची लोखंडी टाकी गंजली. भोक पडलं, गॅस हवेत जायला लागला. टाकी उतरवून ठिगळ मारायचं, रंग द्यायचा. त्याची सभा ठरली. तात्यांना तवा दम लागायचा. त्यांनी शेजाऱ्याकडनं घरोघरी निरोप धाडला. मलाबी निरोपच आला. आन मला राग आला. गावोगाव तात्यांच्यासंगं हिंडले, आन मला निरोप? इंदापूरच्या अनोळखी बाईच्या दारात तात्या उभे राहणार, आन माझ्या दारात न्हाय? मी म्हणाले, तात्या स्वतः आले तरच आमचं घर सभेला येईल. मालक म्हणाले, अगं, म्हातारा आजारी हाय. मी म्हणाले, असू द्या.

आठ घरं बसली. आमचं बसलं न्हाय. आमचीच अट व्हती. टाकीला कुणी हात लावला न्हाय.

दोन महिनं टाकी तशीच. ज्योत बारीक व्हत गेली. बायांनी पुन्हा सरपण गोळा केलं. माझ्या चुलीत धूर झाला, तरी माझा ताठा जाईना. मी म्हणायची, येतील तात्या. त्यांना आल्याबिगर करमायचं न्हाय.

एक दिवस सकाळी मी दारात तांदूळ निवडत व्हते. समोर कॅनॉलच्या पुलावर तात्या दिसले. कठड्यावर बसलेले. मी बघत राहिले. म्हणलं, आता येतील. ते उठले, आन माघारी वळले. मला वाटलं, मुद्दाम केलं. पुलापतुर आले आन मुद्दाम वळले. मी सूप उचललं आन आत गेले. दार लोटून घेतलं.

काल काकींनी मला सांगितलं. त्या दिवशी तात्या माझ्याकडंच निघालेले. "शालनला निरोपानं बोलावलं, चुकलं माझं," म्हणत निघालेले. पुलापतुर दम पुरला. म्होरं पुरला न्हाय.

तितनं माझं दार किती लांब हाय, मंडळी? हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्यांच्यात हाक मारायचा दम नव्हता, कबूल. पण माझ्यात व्हता ना? मी का न्हाय मारली? चार पावलं मी का न्हाय गेले? एवढ्या घरांना त्या माणसानं बोलावलं, त्याला एकदा "या, तात्या, बसा" म्हणायला माझी जीभ का उचलली न्हाय?

काकी, तुमी काल मला पोटाशी धरलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

लग्नाला बोलावल्याबिगर जाऊ नये आन मयताला बोलावण्याची वाट बघू नये, म्हणत्यात. तुमी गेलात त्या दिवशी बोलावण्याबिगर मी तुमच्या दारात आले, तात्या. पण तवा तुमी उठून बसला न्हाईत.

आठ घरांच्या माणसांनो, आमच्या घराचा होकार हाय. मालक तितं बसलेत, त्यांनी मान हलवली, बघा. परवा सकाळी टाकी उतरवायची. कुणाच्या दारात निरोप जाणार न्हाय. आज सांजच्याला मी स्वतः येणार हाय, घर न घर.

आता उभं राहू या. दोन मिनटं.

तात्यांनी कधी आमच्या दाराची कडी वाजवली न्हाय. अंगणात उभं राहून हाक मारायचे, "शालन, हायेस का घरात?" दहा दिवस झाले, सकाळच्या पारी माझे कान तिकडंच असत्यात.

हाय, तात्या. घरातच हाय. दार उघडं हाय.

उभे राहा समदे. कुणी बोलू नका. मला ऐकायचंय.