खड्डा पडलेलं बटण

बसच्या रांगेत पुढे मायलेकांचं काहीतरी चाललं होतं. मागच्या शिंपीकाकांनी नको नको म्हणत कान टवकारले.

“साच्यात ते पातळ रेझिन प्लास्टिक ओतून कीबोर्डची बटणं घरी करतोस, पण कीबोर्डला बटणं असतातच की.”

“छंद आहे गं, आई.”

“असू दे. पण बाबांनी इतकी गुळगुळीत सोडून बुडबुड्याने खड्डा पडलेलंच का उचललं?”

“बोटाला लागतं ना. मधलं बटण कुठलं ते चाचपून कळतं.”

“चाचपून कशाला?”

“हल्ली अक्षरं दिसत नाहीत त्यांना. तुला सांगू नको म्हणाले होते.”

बस आली. रांग सरकली, आई जागची हलली नाही.

“मग रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवतात, ते काय वाचतात?”