आमच्या ह्यांचा आवाज

बंद पडलेला फोन हातात धरून शिंपी मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात ताटकळला होता. पुढच्या आजींचं दुकानदाराशी बोलणं काही केल्या आटपेना.

“अरे बाळा, तीस पुस्तकं होती ह्या फोनात. आमच्या ह्यांनी वाचून रेकॉर्ड केलेली. ते गेल्यापासून मी रोज ऐकत होते.”

“आजी, ती पुस्तकं विकणारी कंपनीच बंद पडली. पुस्तकं त्यांच्याकडे होती. तुम्हाला नुसती ऐकायची परवानगी.”

“विकत घेतलेली ना मी?”

“घेतलीत हो. पण तुमची नव्हती.”

“मग ते चोरून नेटवर फुकटात टाकणारे असतात, त्यांच्याकडे बघ की.”

“तेच बघतोय मघापासून. एकूणएक काढून टाकलीयत. कुणीतरी हात धुऊन मागे लागलेलं दिसतंय.”

“आमचे हेच लागले होते. ‘माझ्या घशाची कमाई लुटतात मेले,’ म्हणायचे. शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसेना, तर मला शोधायला बसवायचे. एकेक तक्रार मी लिहिली, बाळा. ह्या बोटांनी.”

दुकानदार खाली मान घालून शोधत राहिला. आपल्याला उशीर होतोय, हे शिंपी विसरूनच गेला.

“आजी, एक सापडलं. चोरीचंच आहे हं.”

“लाव.”

एक घोगरा आवाज सावकाश वाचू लागला. आजींनी पदर तोंडाशी धरला.

“बंद करू का, आजी?”

“नको रे. हे एवढं एक माझ्या नजरेतून सुटलं बघ.”