येतो म्हणले

दवाखान्यात तासभर बसलं की दुसऱ्याच्या घरातलं सगळं कळतं. उमरग्याला माझ्या शेजारी जळकोटचा एक शेतकरी अन् त्याची थोरली बहीण बसली होती. परवा त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले होते.

"मग काय म्हणले पाव्हणे, बलभीमा?"

"जमल्यात जमा हाय, आक्का. निघताना 'येतो' म्हणले."

"निघताना सगळेच येतो म्हणत्यात. जातो कोण म्हणतंय?"

"पर दारातनं मागं वळून म्हणले."

"चप्पल हुडकत असतील. पोरगी पसंत हाय का, ते बोलले का?"

"'बघू' म्हणले."

"म्हंजे न्हाय."

"पोहे दोनदा घेतले, आक्का."

"म्हंजे भूक लागल्ती."

"'घरी इचारून कळवतो' बी म्हणले."

"घरातले सगळे तर आल्ते की. आता कुणाला इचारणार, म्हशीला? तू सरळ इचारायचं, व्हय का न्हाय."

"असं तोंडावर कसं इचारावं? आपण पोरीकडचे."

"मग तू काय म्हणलास?"

"ते 'येतो' म्हणले, मी 'या' म्हणलं."

"बरं केलंस. अन् सोनालीला पोरगा पसंत हाय का?"

"तिला इचारलं की. 'बघा तुमचं तुमी' म्हणली अन् आत जाऊन दार लावून घेतलं."

"म्हंजे?"

"म्हंजे व्हय, आक्का. तेवढं तर मला कळतंय."