कण्हण्याची तालीम

स्वान्सीच्या सरकारी कचेरीत नंबराची वाट बघत बसलेल्या मार्गेडच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याची कुजबूज पडत होती.

“एम्रिस, ती बाई ‘कसे आहात’ विचारेल. काय सांगशील?”

“मजेत.”

“अरे देवा! तू मजेत, तर तुझं सगळं करण्याबद्दल मला भत्ता कशाचा देतील?”

“मग काय, चारचौघांत रडू? माझा बाप शेवटच्या घटकेलाही ‘मजेत’च म्हणाला होता.”

“थोडं कण्ह. मोजे कोण घालतं तुला?”

“तू.”

“आणि आंघोळ?”

“हळू बोल ना, ग्लेनिस! लोक ऐकताहेत.”

मार्गेडने घाईघाईने छताकडे पाहिलं.

“परत. कसे आहात?”

“तशी काही तक्रार नाही.”

“एम्रिस!”

“बरं, बरं. आई गं, मेलो! उठवत नाही, बसवत नाही! झालं समाधान?”

“गुणाचा माझा! अस्संच बोल.”

तेवढ्यात दार उघडून अधिकारी बाई बाहेर आल्या.

“कसे आहात, मिस्टर प्रॉसर?”

“आई गं, मेलो! उठवत नाही, बसवत नाही! सगळं हीच करते बिचारी!”

“अरेरे! मग तुमचे फार हाल होत असतील ना, मिसेस प्रॉसर?”

ग्लेनिसने केस सारखे केले आणि गोड हसली.

“छे हो! कसले हाल? मला काही म्हणजे काही त्रास नाही!”

“आई गं!” एम्रिस कण्हला, आणि या खेपेला अगदी मनापासून.