प्रश्न शेवटी विचारा

सदर भागातल्या सलूनमध्ये मी नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी दोन डॉक्टर गप्पा मारत होते.

"काय गा प्रेमानंद, मागच्या महिन्यातलं तुझं सेप्सिसचं लेक्चर कसं झालं?"

"फर्स्टक्लास! इन्फेक्शन अंगभर पसरलेला पेशंट आला का तासाच्या आत अँटिबायोटिक गेलंच पाहिजे, हे मी दीड तास समजावून सांगितलं. टाळ्याबी पडल्या."

"मग तोंड पाडून काहून बसला?"

"कॅज्युअल्टीतल्या साऱ्या सिस्टर मी वर हॉलमध्ये बोलावल्या होत्या ना. तेवढ्यात खाली एक बाई आली. अंगात ताप, बीपी पडलेलं, काहीबाही बरळून राहिली होती."

"म्हणजे सेप्सिसच!"

"पुस्तकातल्यासारखा! खालच्या ज्युनिअर डॉक्टरनं लगेच ओळखला. पण औषधाच्या कपाटाची किल्ली सरिता सिस्टरजवळ, अन् सिस्टर माझ्या पहिल्या रांगेत."

"फोन करायचा ना तिले."

"ज्युनिअरनं मेसेज टाकला. सिस्टरनं वाचला अन् हात वर केला. मी म्हटलं, प्रश्न शेवटी विचारा. तिनं पुन्हा हात वर केला. मले वाटलं, काय इंटरेस्ट घेऊन राहिली पोरगी!"

"उठून जायचं तिनं सरळ!"

"गेली होती गा दारापर्यंत. मी तिले हातानंच खूण करून खाली बसवलं."

"अन् ती बाई?"

"वाचली. पण आयसीयूत लई दिवस काढले तिनं. कालच घरी गेली."

"मग शेवटी सिस्टरनं विचारलं काय?"

"'सर, दाराले कुलूप तुम्ही लावलं का?'"

"तू लावलं होतं?"

"मधातून कोणी पळू नये म्हणून."