दांड्यावरचा लसूण

— नाई, खुरपं राहू द्या साहेब, वरूनच पाहा. हा पाहा, दांडा मधातच फुगला, अन् त्यात पाच-सहा बारक्या पाकया. जमिनीत राहाचं ते कमरेवर येऊन बसलं. शेजारच्या जयवंताबाईनं पाह्यलं अन् साऱ्या पांढुर्ण्यात करून टाकलं — कलाबाईच्या लसणाले पोट आलं म्हणे! म्हणून शेतकी हापिसानं तुमाले सौसरहून धाडलं, हो ना? रोग नाई जी हा. बाकीचे वाफे पाहा, कसे छान हायेत. हा एकच असा. खाली कडक लागलं का गड्डा भरत नाई, वर येते, असं म्हणता? लागलं असन. नदीकाठची जमीन हाय, गोटे निघतेच. उकरू नका म्हटलं ना.

मालक? मालक नाई आता. नत्थूजी गेले मागच्या बैलपोयाच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीत. तुमी जबलपूरकडचे, तुमाले काय माहीत — जाम नदीच्या मधात पळसाचं झाड गाडते, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, अन् दिवसभर गोटे. डोकं फुटो का माणूस मरो, त्या दिवशीच्या माराची कोणी कोणावर रपट नाई करत. एक कागद केला होता शिपायानं, तो नागपूरले गेला, अन् दोन महिन्यात राज्यं नवी पाडली, नागपूरच दुसऱ्या राज्यात गेलं. कोण पाहाते आता? एकच गोटा लागला त्याईले, कानाच्या मागं.

मी कायले जाऊ नदीवर? मी घरीच. मी सावरगावची ना — माहा भाऊ भिवाजी त्या काठावर, मालक या काठावर. तिकडून जेवढे गोटे मालकाले लागत, तेवढे घरी येऊन मले मारत. दरसाल. हा खांदा पाहा, वर होत नाई. वरवंटा फेकून मारला होता, त्याचे दोन तुकडे झाले, तवापासून मी नदीतल्या गोट्यानंच लसूण ठेचत होती.

त्या दिवशी मात्र हसत आले. कपाळाले खोक, रक्त गळून राहिलं, अन् हसून राहिले. म्हणे, “तुया भावाचा डोया फोडून आलो. वाढ आता.” वाढलं ना मी. कालची पुरणपोयी वाढली, भाकर वाढली. मंग चटणी मागतली. मी ठेचून राहिली होती, गोटा हातातच होता, ते खाली मान घालून खाऊन राहिले होते — पहिल्या वेळी नुसतं वर पाह्यलं माह्याकडं. दुसऱ्या वेळी ताटात पडले. तिसऱ्याची गरज नव्हती, पण हात थांबला नाई, अन् खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं.

एकच गोटा लागला म्हटलं होतं का मी?

लागलं का खुरप्याले? काढा मंग, काढा. धुतला होता म्या तो गोटा, लय धुतला, तरी लसणाचा वास गेला नाई, म्हणून त्याच्यावर लसूणच लावला — लसणाच्या वाफ्यात कोण खणते?

लिहाचं असन तं लिहा, नाई तं जा. भिवाजी जेवाले येऊन राहिला. एका डोयानं नदी उतरते, वेळ लागते त्याले. अन् तो गोटा ठेवा अठी. मले चटणी ठेचाची हाय.